बाबांची प्रोस्टेट बायोप्सी ठरलीय, आधी काय बघायचं आणि नंतर किती त्रास होतो?

भांडुपची_लेक
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. बाबा ६९ वर्षांचे. रात्री सारखे लघवीला उठतात म्हणून फॅमिली डॉक्टरांनी पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) करायला सांगितली, ती ९.२ आली. युरॉलॉजिस्टने आधी लघवीचं कल्चर करून घेतलं, इन्फेक्शन नाही म्हटल्यावर काही आठवड्यांनी पीएसए परत केली तर जवळपास तेवढीच. मग एमआरआय झाला, त्यात पायरॅड्स ४ (एमआरआयवरचा संशयाचा आकडा, पाचापैकी) लिहिलंय आणि प्रोस्टेट ५८ सीसी. आता बायोप्सी सांगितलीय पुढच्या आठवड्यात. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीत एवढी गर्दी की पाच मिनिटांत बाहेर, आणि बाबा माझ्यासमोर या विषयावर तोंडच उघडत नाहीत, "तू नको त्यात पडू, मी बघतो" एवढंच.

बाबांची अँजिओप्लास्टी झालीय तीन वर्षांपूर्वी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, डायबेटिस पण आहे. भूल देतात का? दुखतं किती? घरी रिक्षाने आणता येईल का, आमचं घर भांडुप वेस्टला चढणीवर आहे आणि रस्ता सध्या कसा आहे ते विचारूच नका. गणपती तोंडावर आलेत, मूर्ती दरवर्षी बाबाच उचलून आणतात आणि ते ऐकणारातले नाहीत. त्यात शेजारच्या काकूंनी आईच्या डोक्यात भरवलंय की सुई लावली की गाठ पसरते. आई दोन रात्री झोपलेली नाही.

निवृत्त_गार्ड
पोरी, माझी झालीय. रेल्वेत गार्ड होतो, आयुष्यभर लघवी दाबून धरायची सवय, त्यामुळे प्रोस्टेटने त्रास दिला तेव्हा डॉक्टरकडे जायलाच वर्ष लावलं, ते जाऊ दे.

काय होतं ते सरळ सांगतो म्हणजे बाबांना वाचायला दे, मुलीकडून ऐकायला लाजत असतील तर माझ्याकडून ऐकू देत. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, कमरेखाली काही नाही, वर एक हिरवी चादर. जेली लावून सोनोग्राफीचा प्रोब मागून आत घालतात. तो आत जाताना दुखतं असं नाही, संडासला लागल्यासारखं होतं आणि लाज वाटते, खरं सांगायचं तर जास्त त्रास लाजेचाच. मग प्रोस्टेटच्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन, ते चांगलं टोचतं. त्यानंतर मात्र प्रत्येक तुकडा घेताना स्टेपलर मारल्यासारखा खटॅक आवाज येतो आणि आत हिसका बसतो, दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच माणूस दचकतो. आमचे डॉक्टर प्रत्येक वेळी "आता आवाज येईल हां" म्हणायचे, त्याने फार बरं पडलं. साधारण बारा तुकडे घेतातच, आणि एमआरआयमध्ये डाग दिसलाय तिथले दोन-चार जादा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, भूल पूर्ण नव्हती, अर्ध्या पाऊण तासाने लघवी करून दाखवली आणि कपडे घालून खाली कॅन्टीनला चहा प्यायलो.

दुसरा एक प्रकार असतो, त्यात मागच्या वाटेने न जाता अंडकोष आणि संडासची जागा यांच्या मधल्या कातडीतून सुई घालतात. त्यात पाय वर बांधून झोपवतात आणि बऱ्याच ठिकाणी झोपेचं इंजेक्शन किंवा कमरेतली भूल देतात. तुमची कुठली आहे ते आधी विचार, उपाशी राहायचं की नाही ते त्यावरच ठरतं.

रिक्षाचं म्हणशील तर लोकलने आणू नको, गर्दीच्या वेळी तर नाहीच, आणि स्कूटरवर मागे बसवून बिलकुल नको. टॅक्सी कर. खड्ड्यातून हळू घे म्हणून आधीच सांग. चढण हळूहळू पायी चढायला हरकत नाही, त्याने काही होत नाही. मूर्ती उचलायची नाही म्हणजे नाही, निदान आठवडाभर वजन बंद, या वर्षी जावयाला उचलू दे.

ओटीतली_सिस्टर
मी युरॉलॉजीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बरीच वर्षं आहे. ताई, तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची ती रक्त पातळ करायची गोळी, बाकी सगळं त्यानंतर.

बाबांच्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे बऱ्याच हार्ट पेशंटना एकच कॅप्सूल देतात, तिच्यात क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन ही रक्त पातळ करणारी दोन आणि कोलेस्टेरॉलचं औषध, तिन्ही एकत्र असतं. युरॉलॉजिस्ट म्हणतो "ब्लड थिनर पाच-सात दिवस बंद करा", म्हणजे त्याच्या डोक्यात क्लोपिडोग्रेल असतं, आणि घरचे अख्खी कॅप्सूल बंद करतात, मग ॲस्पिरिन पण गेली आणि कोलेस्टेरॉलची गोळी पण गेली. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळी) बसवलेल्या माणसाला तसं करणं बरं नाही. कमी डोसची ॲस्पिरिन बऱ्याचदा बायोप्सीला चालू ठेवतात. म्हणून हार्टवाल्या डॉक्टरांकडे जा, कुठली गोळी कुठल्या तारखेपासून बंद, तिच्या जागी सुटी काय घ्यायची आणि परत कधी चालू, हे त्यांच्या हातचं लिहून आणा आणि ती चिठ्ठी युरॉलॉजिस्टला दाखवा. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका, आणि लपवून चालू पण ठेवू नका, आम्हाला टेबलावर कळतं मग तारीख पुढे ढकलावी लागते. लसणाच्या कॅप्सुला, फिश ऑइल, वैद्याचं काही चालू असेल तर तेही सांगा, लोकांना ते औषध वाटतच नाही.

डायबेटिस असेल तर शुगर ताब्यात हवी, कारण शुगर वाढलेली असली की इन्फेक्शनची भीती जास्त. त्या दिवशी सकाळी शुगरची गोळी घ्यायची की नाही ते विचारून घ्या, उपाशीपोटी गोळी घेऊन येतात आणि चक्कर येते. मागून सुई घालणार असतील तर आदल्या रात्री किंवा सकाळी एनिमा असतो, मेडिकलमध्ये छोटी प्लॅस्टिकची बाटली मिळते, तोंडाला लांब नळी असते, डाव्या कुशीवर झोपून घ्यायचा आणि जमेल तितका वेळ आत धरायचा. बाबा तुमच्याकडून घेणार नाहीतच, त्यांचं त्यांना जमतं, नाहीतर हॉस्पिटलात आमचा वॉर्डबॉय देतो. अँटिबायोटिक डॉक्टर देतील तेच आणि सांगितलेल्या वेळीच, मेडिकलवाल्याने "हेच कंपनी बदलून" असं काही दिलं तर विचारल्याशिवाय घेऊ नका. मागच्या काही महिन्यांत दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घेतली असेल किंवा ॲडमिट होते तर ते आवर्जून सांगा, आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आतड्यात खूप जणांच्या असतात, त्यावरून डॉक्टर औषध बदलतात. काही ठिकाणी त्यासाठी मागून स्वॅब घेऊन कल्चर पण करतात.

आणि एक अगदी साधी गोष्ट. तुकडे फॉर्मालिनच्या छोट्या डब्यांत घालतात आणि बऱ्याच हॉस्पिटलांत ती पिशवी नातेवाइकाच्या हातात देतात, लॅबला नेऊन द्या म्हणून. पिशवी घेतल्या घेतल्या तिथेच उभं राहून प्रत्येक डब्यावर बाबांचं पूर्ण नाव आणि डावी-उजवी बाजू लिहिलीय का ते बघा, फॉर्मवर पीएसए आणि एमआरआयचं लिहिलंय का ते बघा. आम्ही पण माणसंच आहोत, सकाळपासूनची पाचवी केस असते.

स्पष्टवक्ता_००७
माफ करा पण कुणीतरी बोललंच पाहिजे. गाठीला सुई लावायची नसते हे आपल्या आजी-आजोबांपासून माहितीय. माझ्या मामांना काही त्रास नव्हता, बायोप्सी केली आणि सहा महिन्यांत हाडात गेला. डॉक्टरांचा धंदा आहे सगळा. आधी वैद्यांना दाखवा.

ओटीतली_सिस्टर
मामांचं ऐकून वाईट वाटलं. पण उगाच कुणी बायोप्सी करत नाही, त्रास नसला तरी पीएसए वाढली असणार म्हणूनच केली असणार. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पोचायला वेळ लागतो, बायोप्सीच्या आधीच तो बाहेर पडलेला असतो आणि कळतो नंतर, मग दोष सुईच्या माथी. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्याच्या केसेस अक्षरशः क्वचित नोंदल्यात, त्या भीतीने बायोप्सी टाळायची म्हणजे आत काय आहे ते न बघता बसायचं. ताई, आईंना हे सांगा आणि वाटल्यास त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. शेजारच्या काकूंना नका बसवू 🙂

चारकोपच्या_काकू
भांडुपच्या ताई, वर सगळ्यांनी आधीचं छान सांगितलंय, मी नंतरचं सांगते कारण आमच्याकडे नंतरचंच महाभारत झालं.

ह्यांची बायोप्सी व्यवस्थित झाली, संध्याकाळी घरी येऊन पिठलं-भात जेवले, दुसऱ्या दिवशी पण ठीक. त्या रात्री एकदम हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घातल्या तरी थांबेना, ताप १०२. पावसाळ्याचे दिवस, आमच्या इथे प्रत्येक घरात ताप, जवळच्या दवाखान्यात नेलं तर त्यांनी बघितलं न बघितलं, व्हायरल असेल, सकाळी मलेरिया-डेंग्यूचं रक्त करा म्हणून तापाची गोळी देऊन घरी पाठवलं. बायोप्सीचा कागद मी पुढे केला तर "त्याचा काही संबंध नाही" म्हणाले. मला अजून राग येतो. पहाटे ह्यांना धड बोलता येईना, बीपी उतरलं, मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं तिथे विचारलं की बायोप्सी कधी झाली आणि लगेच रक्ताचं-लघवीचं कल्चर घेऊन सलाइनमधून अँटिबायोटिक चालू केली. ई-कोलाय नावाचा आतड्यातला जंतू निघाला, गोळ्यांना न जुमानणारा. माणूस वाचला, पण आयसीयूचं दार बघून आलो.

तर घरात थर्मामीटर ठेवा, चालू आहे का ते आधी बघा. पहिले काही दिवस ताप १००.४ च्या वर गेला किंवा नुसती थंडी वाजून आली तरी सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, जिथे बायोप्सी झाली तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं आणि दारातच पहिलं वाक्य हे बोलायचं की प्रोस्टेटची बायोप्सी झालीय आणि ताप आलाय. नाहीतर मुंबईत पावसाळ्यात तापाच्या माणसाला सगळे डेंग्यूच्या रांगेत उभं करतात. डिस्चार्जच्या कागदावर रात्रीचा फोन नंबर लिहून घ्या आणि तो लागतो का ते तिथेच लावून बघा.

भांडुपची_लेक
बाप रे काकू. तरी बरं तुम्ही सांगितलंत, काका आता बरे आहेत ना?

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं पाकीट बघितलं. तिन्ही औषधं एकत्रवालीच कॅप्सूल आहे!! बाबा उद्यापासून ती बंदच करणार होते. आज कार्डिओलॉजिस्टकडून लिहून आणलं, क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद, ॲस्पिरिन ७५ सुटी चालू आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी. बायोप्सी मागूनच आहे, इंजेक्शन देऊन बधिर करणार. मी विचारलं की ती पुढून कातडीतूनवाली नाही का, तिच्यात इन्फेक्शन कमी असं वाचलं, तर म्हणाले आमच्याकडे तिची सोय नाही. बदलायचं का हॉस्पिटल?

ओटीतली_सिस्टर
इन्फेक्शन तिच्यात कमी हे खरं आहे, सुई आतड्याच्या आतून जात नाही ना. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मागूनवाली नीट तयारी करून केली तर बहुतेकांना काही होत नाही, रोज होतात. डॉक्टरांना एवढंच विचारा की डायबेटिस बघता अँटिबायोटिक कुठली देणार, स्वॅब कल्चर करणार का आणि सुई घालायच्या आधी आतून बीटाडीनने साफ करणार का. उत्तर नीट मिळालं तर तिथेच करा. टोलवाटोलवी झाली तर दुसरीकडे विचारा, आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

निवृत्त_गार्ड
नंतरचं माझ्याकडून थोडं, पुरुषांनी पुरुषांना सांगायचं म्हणून. बाबांना वाचायला दे आणि तू पुढच्या खोलीत जा.

साहेब, लघवी लाल येणार. काही दिवस कोकम सरबताच्या रंगाची येईल, मध्येच साफ होईल, परत लाल येईल, घाबरू नका, पाणी पीत राहा. गुठळ्या पडायला लागल्या, घट्ट लाल रक्त यायला लागलं किंवा लघवी अडली तर मात्र लगेच हॉस्पिटल. आमच्या चाळीत कॉमन संडास, तिथल्या उजेडात रंग कळायचा नाही म्हणून मी पारदर्शक बाटलीत करून खिडकीशी धरून बघायचो, बायको वैतागायची. संडासला पण दोन-तीन दिवस थोडं रक्त दिसतं. कुंथायचं नाही, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या. आणि जे कुणी सांगत नाही ते म्हणजे वीर्यात रक्त येतं, आधी लाल मग गंजासारखं तपकिरी, आणि ते महिना-दोन महिने पण चालतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी समजलो संपलं सगळं. त्याने बायकोला काही अपाय होत नाही. कधीपासून चालेल ते डॉक्टरांना विचारा, त्यांना रोज विचारतात लोक.

दुखलं तर साधी पॅरासिटामोल, पण आधी ताप मोजून मग गोळी, नाहीतर ताप झाकला जातो. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी रक्त वाढतं. सर्दीची गोळी पण परस्पर घेऊ नका, प्रोस्टेट मोठी असलेल्याची लघवी तिने अडू शकते, आमच्या शेजाऱ्याची अडली होती आणि रात्री नळी घालायला पळावं लागलं.

चारकोपच्या_काकू
हे आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी गोराईपर्यंत चालत जातात आणि येताना मासे आणतात. 🙏

भांडुपची_लेक
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. बायोप्सी झाली. डॉक्टरांना तिन्ही प्रश्न विचारले, न रागावता उत्तरं दिली, स्वॅब कल्चर पण करून घेतलं आणि त्याप्रमाणे औषध बदललं. बाबा बाहेर आले आणि म्हणाले "एवढ्यासाठी एवढं?" डब्यांवर नावं तपासली, एका डब्यावर बाजू लिहिलेली नव्हती, तिथल्या सिस्टरनी लगेच लिहून दिली. ताप आला नाही, आई दर दोन तासांनी थर्मामीटर घेऊन उभी. लघवी चार-पाच दिवस लालसर होती. मूर्ती माझ्या नवऱ्याने आणली, बाबा पूर्ण रस्ता त्याला "सांभाळून, सांभाळून" करत होते.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. ग्लीसन ३+३=६, दोन तुकड्यांत, बाकीचे साफ. घरात सगळ्यांची हवाच गेली. भाऊ म्हणतो दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर गेलाय, लगेच ऑपरेशन करा. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. हे सहा म्हणजे नक्की किती वाईट?

निवृत्त_गार्ड
पोरी, भावाला आधी खाली बसव. ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याला आकडा द्यायची ही पद्धत काढली आणि आता बायोप्सीत कॅन्सर सापडला की तो मोजायला सुरुवातच सहापासून होते. म्हणजे सहा हा दहातला सर्वात खालचा. रिपोर्टमध्ये शेजारी ग्रेड ग्रुप १ लिहिलेलं असेल बघ, पाचातला पहिला. माझा ३+४ म्हणजे सात होता, माझं वेगळं झालं.

सहावाल्यांना बऱ्याचदा लगेच ऑपरेशन करत नाहीत, लक्ष ठेवून राहतात. ठरावीक काळाने पीएसए, मधून एमआरआय, आणि पुन्हा कधीतरी बायोप्सी. बाबांचं वय आणि स्टेंट बघता डॉक्टर तेच सुचवतील अशी दाट शक्यता आहे, पण बाबांची पीएसए ९ आहे आणि एमआरआयवर डाग आहे, म्हणून त्या डागातले तुकडे कुठले होते आणि त्यांत काय निघालं ते सोमवारी नक्की विचार. सुई डागाला नीट लागलीच नसेल तर सहा या आकड्यावर विसंबता येत नाही.

ओटीतली_सिस्टर
गार्डकाकांचा मुद्दा बरोबर. ५८ सीसीच्या प्रोस्टेटला ९.२ पीएसए, पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागलं तर ०.१५ च्या जरा वर येतं, म्हणजे आकाराच्या मानाने पीएसए जरा जास्तच, त्यामुळे डॉक्टर थोडे जास्त सावध राहतील. घाई मात्र नाही. आणि बायोप्सीनंतर लगेच पीएसए करू नका, ती वाढलेलीच येते, निदान सहा आठवडे जाऊ द्या.

ऑपरेशन की लक्ष ठेवायचं हे ठरवायच्या आधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या, ग्लीसन वाचण्यात डॉक्टरा-डॉक्टरांत फरक पडतो. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये स्लाइड रिव्ह्यू होतो. नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही, लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि तुकडे ज्यात बसवलेले असतात ते मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्यायचे, त्यासाठी अर्ज आणि पेशंटच्या ओळखपत्राची झेरॉक्स लागते. एमआरआयची फिल्म नव्हे तर सीडी न्या. ब्लॉक पर्समध्ये उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

भांडुपची_लेक
लॅबला आत्ताच फोन केला, ब्लॉक द्यायला दोन दिवस लागतील म्हणाले आणि अर्जावर बाबांचीच सही हवी. बाबा शेजारीच बसलेत, सगळा धागा वाचला त्यांनी, आणि विचारतायत की गार्डसाहेबांचा तो ३+४ झाला त्याला किती वर्षं झाली आणि पुढे काय केलं, सविस्तर लिहा म्हणाले.